पेरणी-कापणीचं वचन रोजच्या जगण्यात कसं लावायचं? बी तपासण्यापासून खळ्यापर्यंत

प्रभूमध्ये सगळ्यांना सलाम.

एका वर्षी आमच्या दादांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) घरचंच सोयाबीन बियाणं म्हणून वापरलं, उगवण न तपासता. वरून दाणा एकदम टपोरा दिसत होता, पण मळणीच्या वेळी मशीनचा स्पीड जास्त ठेवल्यामुळं आतून मार लागलेला होता आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पाऊस झाला, वाफसा आला, पेरलं, आणि आठ दिवसांनी शेतात जाऊन बघतो तर हात-हात अंतरावर एखादं रोप, बाकी तास (पेरणीच्या ओळी) सगळे मोकळे. दुबार पेरणी करावी लागली, त्या वर्षाचा सगळा हिशोब कोलमडला. तेव्हापासून आमच्याकडं मे महिन्यात १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि आठवड्यानं उघडून मोजतात, ७० च्या वर कोंब निघाले तरच ते बी शेतात जातं.

गलतीकरांस ६:७ (बायबलमध्ये प्रेषित पौलानं गलतीकरांना लिहिलेलं पत्र, अध्याय ६, वचन ७) मला संडे स्कूलपासून पाठ आहे, "फसू नका, देवाचा उपहास व्हावयाचा नाही, कारण माणूस जे काही पेरतो त्याचेच त्याला पीक मिळेल". पाठांतराला बक्षीस पण मिळालंय. पण सोयाबीनचे १०० दाणे मोजणारा मी, माझ्या तोंडातून, खिशातून आणि दिवसातून काय पेरलं जातंय हे कित्येक वर्षं एकदा पण मोजलं नव्हतं. आमच्या घरगुती प्रार्थना सभेत आम्ही या वचनावर बरेच महिने बसलो, ते करून पाहिलं, त्यातून जे हाताला लागलं ते इथं पायरी-पायरीनं लिहितोय. बायबल जवळ घेऊन वाचा आणि एक वही-पेन पण ठेवा.

सुरू करण्याआधी: हे वचन नेमकं कशाबद्दल आहे

आपल्याकडं "करावे तसे भरावे" लहानपणापासून ऐकलेलं असतं, त्यामुळं गलतीकरांस ६:७ वाचलं की डोक्यात लगेच कर्माचा हिशोब सुरू होतो, मागच्या जन्माचं, नशिबाचं वगैरे. पौल ते सांगत नाहीये. एक गोष्ट लक्षात घ्या, हे वचन ज्या पत्रात आहे ते अख्खं पत्र कृपेबद्दल आहे, नियमशास्त्र पाळून कुणी नीतिमान ठरत नाही हे पौल पाच अध्याय घसा कोरडा करून सांगतो आणि मग सहाव्यात पेरणीवर येतो. म्हणजे तारण हे आपल्या पेरणीचं पीक नाही, ते ख्रिस्तानं वधस्तंभावर मिळवलेलं आहे आणि आपल्याला फुकट मिळालंय. पेरणीची गोष्ट त्यानंतरची आहे. शेत आपल्याला बक्षीस मिळालंय, आता त्यात काय लावायचं हा प्रश्न आहे.

आठव्या वचनात तो शेताचे दोनच भाग करतो, देहस्वभावासाठी पेरणं आणि आत्म्यासाठी पेरणं. नवव्यात सांगतो की चांगलं करायचा कंटाळा करू नका, न खचलो तर यथाकाळी पीक पदरी पडेल. आणि दहाव्यात, संधी मिळेल तसं सगळ्यांचं बरं करा, विशेषतः विश्वासणाऱ्यांच्या घराण्याचं. ही चार वचनं कायम एकत्र वाचा. सातवं एकटं उचललं की ते दुसऱ्याला धमकी द्यायला वापरलं जातं, तेवढंच.

पायरी १: आज काय उगवलंय ते बघा

शेतकरी बांधावर उभा राहून पीक बघतो आणि बी कसं होतं ते सांगतो. तसंच उलटं जायचं. वहीत चार खाने पाडा: जीभ, पैसा, वेळ, मोबाइल. एक आठवडा रोज रात्री प्रत्येक खान्यात एक-एक ओळ लिहा, आज इथून काय बाहेर पडलं. फक्त घडलं ते लिहायचं, "मी वाईट आहे" असले शेरे नकोत. "सकाळी उठल्या उठल्या चाळीस मिनिटं रील बघितले, वचन वाचलं नाही", "ऑफिसात अमक्याच्या पाठीमागं बोललो", "शेजारच्या काकूंना दवाखान्यात सोडलं" असं साधं.

माझ्या वहीत पहिल्याच आठवड्यात काय आलं ते सांगतो. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, संध्याकाळी धाकट्याला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवलं होतं तिनं, शाळा-शाळा खेळत होते. मी दारातच बूट काढत होतो. धाकट्याचं 'क' चुकलं आणि ती बोट नाचवत ओरडली, "किती वेळा सांगायचं तुला? डोकं ठिकाणावर आहे का?" आणि पट्टी टेबलावर आपटली. शब्द माझे, सूर माझा, आपटायची पद्धत सुद्धा माझी. धाकट्यानं मान खाली घातली आणि पाटी पुसायला लागला, अक्षर बरोबर होतं ते पण पुसलं. मी बूट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. सोयाबीनचं बी घरचंच होतं, हे पण घरचंच होतं.

पण इथं एक मोठा धोका आहे आणि तो नीट समजून घ्या. प्रत्येक दुःख हे स्वतः पेरलेल्याचं पीक नसतं. ईयोब ४:८ मध्ये "अधर्म नांगरून उपद्रव पेरणारे तेच कापतात" असं ईयोबाचा मित्र अलीफज बोलतो, ऐकायला अगदी बरोबर वाटतं, पण तो ते राखेत बसलेल्या, मुलं गेलेल्या, निर्दोष ईयोबाला ऐकवतोय, आणि शेवटी देव अलीफजावर रागावतो. योहान ९ मध्ये शिष्य जन्मांध माणसाकडं बघून विचारतात पाप कुणाचं, ह्याचं की आईबापाचं, येशू म्हणतो ह्याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. म्हणून कुणाला कॅन्सर झाला, कुणाचं मूल गेलं, कुणाचं पीक गारपिटीनं गेलं, तर तिथं जाऊन हे वचन उघडू नका. तिथं जवळ बसायचं, डबा न्यायचा, रडायचं. ही वही फक्त स्वतःची तपासायला आहे.

पायरी २: आधी नांगरट

होशेय १०:१२ मध्ये आधी धार्मिकतेचं बी पेरायला सांगितलंय आणि लगेच म्हटलंय, आपली पडीत जमीन नांगरा. पडीत जमीन म्हणजे वाईटच जमीन असं नाही, पूर्वी पिकलेली पण नंतर तशीच सोडून दिलेली. आपल्या आयुष्यात अशी वावरं असतात, भावाशी बोलणं बंद होऊन सहा वर्षं झालेली, सोडलेली वैयक्तिक प्रार्थना, अर्धवट राहिलेली माफी.

नांगरट म्हणजे पश्चात्ताप, आणि तो मोघम करू नका. "प्रभू, माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर" ही प्रार्थना चांगलीच आहे, पण वहीतली एक ओळ घेऊन तिचं नाव घेऊन देवापुढं मांडा. आणि माणसाचं काही बिघडवलं असेल तर त्या माणसाकडं जा. मी त्या रात्री मुलीजवळ बसून एवढंच म्हणालो, "पप्पा तुझ्यावर पट्टी आपटून ओरडले ते चुकलं, तुला भीती वाटली असेल, मला माफ कर." "पण तू पण ऐकत नाहीस ना" हे जिभेवर आलं होतं, ते गिळलं. माफीत "पण" आला की झालेली नांगरट वाया जाते.

सोबत मार्क ४ चा पेरणाऱ्याचा दाखला वाचा आणि आपली जमीन ओळखा. वाट, खडकाळ, काटेरी, चांगली. माझ्या अनुभवानं आपल्यातले बरेच जण काटेरीत असतो, आणि काटे कुठले ते येशूनं सांगितलेत, संसाराची चिंता, द्रव्याचा मोह, इतर गोष्टींचा लोभ. ईएमआय, भावकीतली चढाओढ, दुसऱ्याच्या गाडीचा स्टेटस, ह्यातून वचन वर येतच नाही, येतं पण गुदमरतं.

पायरी ३: एका तासाला एकच बी

सगळं आयुष्य एकदम सुधारायला जाऊ नका, नवीन वर्षाच्या उपासनेत आपण दहा निश्चय करतो आणि जानेवारी संपायच्या आत दहाही विसरतो. चार खान्यांतला एक खाना निवडा, त्यात एकच बी ठरवा आणि सोयाबीन जसं १०० दिवसांचं असतं तसं ह्यालाही किमान तेवढे दिवस द्या.

बी ठरवताना उगवण चाचणी करा, तीन प्रश्न. हे मी कुणी बघत नसताना पण करणार का? हे गलतीकरांस ५:२२-२३ मधल्या आत्म्याच्या फळाच्या जातीचं आहे का (प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन)? आणि उद्या सकाळी नेमकं काय करायचं हे एका वाक्यात सांगता येतं का? "मी प्रेमळ होणार" हे बी नाही, त्याला हातच लावता येत नाही. "संध्याकाळी घरात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं फोन कपाटावर आणि मुलांशी हळू आवाजात बोलणार" हे बी आहे. माझं तेच होतं. आमच्या सभेतल्या एका ताईंनी सासूबाईंच्या गोळ्या रोज स्वतःच्या हातानं द्यायच्या एवढंच ठरवलं होतं, एका कॉलेजच्या पोरानं रोज योहानाच्या शुभवर्तमानातली पाचच वचनं.

पायरी ४: पेरा, आभाळाकडं बघत बसू नका

उपदेशक ११:४ सांगतो की जो वारा पाहत बसतो तो पेरत नाही आणि जो ढग पाहत राहतो तो कापणी करत नाही. आणि ११:६, सकाळी पेर, संध्याकाळी पण हात आवरू नको, कारण कुठलं फळेल हे तुला ठाऊक नाही. "जरा सेटल झाल्यावर चर्चच्या कामात लक्ष घालू", "पगार वाढला की देऊ", हे सगळं ढग बघत बसणंच आहे.

आता पैशाच्या पेरणीबद्दल सविस्तर लिहितो कारण ह्या वचनाचा सगळ्यात जास्त गैरवापर इथंच होतो आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. आमच्या ओळखीतल्या एका मावशींनी एका मोठ्या सभेत बोटातली सोन्याची अंगठी दानपेटीत टाकली, स्टेजवरून सांगितलं गेलं होतं की आज जे बी टाकाल त्याचं शंभरपट पीक महिन्यात दिसेल. त्यांच्या मुलावर कर्ज होतं. महिना गेला, कर्ज तसंच राहिलं, आणि मावशींना वाटलं आपलाच विश्वास कमी पडला. वर्षभर त्या चर्चलाच आल्या नाहीत. अंगठी गेली त्याचं एवढं नाही, देवासमोर उभं राहायची त्यांची हिंमतच गेली.

शंभरपट हा शब्द मार्क ४ च्या दाखल्यात आहे, पण तिथं बी म्हणजे काय हे येशू स्वतः १४ व्या वचनात सांगतो, पेरणारा वचन पेरतो. पैसा नाही. आणि "सढळ हाताने पेरतो तो त्याच मानाने कापणी करील" हे २ करिंथ ९:६ जिथं आहे तिथं पौल यरुशलेमेतल्या गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करतोय, आठव्या अध्यायात मासेदोनियाच्या मंडळ्यांचं उदाहरण देतोय ज्यांनी स्वतः कमालीच्या गरिबीत असून दिलं. ते श्रीमंत झाले असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. पीक काय आलं ते ९:१० ते १२ मध्ये आहे, नीतिमत्तेचं फळ, गरजवंतांची गरज भागणं आणि देवाची भरभरून उपकारस्तुती. देव खायला भाकर देतो, पुढं पेरायला बी पण देतो असं तिथं नक्की म्हटलंय आणि त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आमच्या घरानं ते दुष्काळात अनुभवलंय. पण देवाबरोबर व्याजाचा सौदा करायचा आणि त्याला पेरणी म्हणायचं हे मला पटत नाही.

मग द्यायचं कसं? घरात बसून, नवरा-बायकोनं मिळून, शांतपणे ठरवा, कारण ९:७ सांगतं की ज्यानं-त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून नाही. म्यूझिक चालू आहे, सगळे रडतायत आणि तेवढ्यात क्यूआर कोड दाखवला, अशा वेळी काही ठरवू नका, घरी या, प्रार्थना करा, दुसऱ्या दिवशी तसंच वाटलं तर द्या. कर्ज काढून देऊ नका. तुम्हाला वचन शिकवणाऱ्या पाळकांची काळजी घ्या, ते गलतीकरांस ६:६ मध्ये पेरणीच्या वचनाच्या अगदी आधीच आहे आणि आपण ते सोयीनं विसरतो, खेड्यातल्या कितीतरी पाळकांच्या घरी महिनाअखेरीला पीठ नसतं. आणि जिथं देता तिथं हिशोब विचारायला लाजू नका. २ करिंथ ८:२० मध्ये पौल स्वतः म्हणतो की एवढी रक्कम हाताळताना कुणी दोष लावू नये म्हणून आम्ही जपतो, त्यानं त्यासाठी सोबत माणसं दिली होती. पौलाला ज्याची गरज वाटली त्याची आपल्या कमिटीला पण आहेच.

पायरी ५: खुरपणी आणि वाट बघणं

हा सगळ्यात लांब आणि कंटाळवाणा काळ आहे. मार्क ४:२६-२९ चा छोटा दाखला फार कमी प्रवचनांत ऐकू येतो, माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो आणि बी कसं वाढतं हे त्याला कळत नाही, आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. रोज उकरून बघितलं तर रोप मरतं. मुलांशी हळू बोलायला लागून पंधरा दिवस झाले तरी मुलगी तशीच ओरडत होती, मला वाटलं ह्याचा काही उपयोग नाही.

याकोब ५:७ मध्ये शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघतो असं आहे, ते समजायला तिकडचं हवामान बघावं लागतं. इस्राएलात पेरणी आपल्या रब्बीसारखी थंडीच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या पावसावर होते, आणि दाणा भरायला मार्च-एप्रिलचा शेवटचा पाऊस लागतो. मधे चार-पाच महिने. पण ह्या चार-पाच महिन्यांत तो हातावर हात ठेवून बसत नाही, तण काढतो. खुरपणीसाठी आठवड्यातून एक दिवस, समजा शनिवारी रात्री, वही उघडा आणि फक्त दोन गोष्टी बघा: ठरवलेलं बी किती दिवस पेरलं आणि मधे कुठलं तण आलं. चुकलेल्या दिवसांवर रडत बसू नका, नांगे (बी न उगवलेल्या जागा) भरतात तसं दुसऱ्या दिवशी परत पेरा. आणि एक जोडीदार ठेवा, ज्याला ही वही दाखवता येईल.

काही पिकं आपल्या डोळ्यांना दिसणारच नाहीत हे पण मान्य करावं लागतं. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं चालले होते, डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला, कवितेवर गप्पा झाल्या आणि उतरताना त्यानं टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. तो कोण होता हे टिळकांना कधीच कळलं नाही. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये. आज रविवारी आपण टिळकांची गीतं म्हणतो तेव्हा रेल्वेतल्या त्या माणसाचंच पीक आपल्या तोंडात असतं, आणि त्याला ते माहीत नव्हतं. पंडिता रमाबाईंनी तसंच केडगावला मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल करायला कित्येक वर्षं घातली, त्या ५ एप्रिल १९२२ ला गेल्या आणि पूर्ण बायबल छापून आलं १९२४ ला. योहान ४:३७, एक पेरतो आणि एक कापतो.

पायरी ६: जुनं वाईट बी उगवून येतं तेव्हा

हा प्रश्न सभेत हमखास येतो. पश्चात्ताप केला, प्रभूनं क्षमा केली, मग अजून का भोगतोय? दारू सोडली पण लिव्हर गेलं, बायकोशी खोटं बोललो, आता खरं बोलतो तरी ती विश्वास ठेवत नाही.

याकोबाची गोष्ट बघा. उत्पत्ती २७ मध्ये तो हाताला करडांची कातडी बांधून आंधळ्या बापाला फसवतो. दहा अध्यायांनंतर, ३७ मध्ये, त्याचीच मुलं बकरा मारून त्याचं रक्त आपल्या भावाच्या, योसेफाच्या झग्याला लावतात आणि झगा बापासमोर ठेवतात. तेच जनावर, तसंच कापड, फसलेला बाप फक्त आता तो स्वतः आहे. पण ह्या दोन अध्यायांच्या मधे बेथेल आहे, पनीएल आहे (देव याकोबाला भेटला ती ठिकाणं), देवानं त्याला सोडलेलं नाही आणि शेवटी योसेफ जिवंत भेटतो. क्षमा झाली की शेताचा मालक आपल्यावर रागावलेला राहत नाही, पण आधी पडलेलं बी जमिनीतून आपोआप नाहीसं होत नाही. ते उगवेल. उगवलं की "देवानं मला टाकलं" असं म्हणू नका, उपटा, आणि त्याच वेळी शेजारच्या तासात चांगलं पेरणं चालू ठेवा. विश्वास तुटलेल्या माणसाला वेळ द्या, "मी बदललो, तू अजून माफ का करत नाहीस" असा तगादा लावू नका. आणि व्यसन, मारहाण, मोठं कर्ज असं काही असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टर, समुपदेशक, जाणकार माणूस ह्यांची मदत घ्या, ते विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही.

पायरी ७: पीक आल्यावर

लेवीय १९:९ मध्ये कापणीचा नियम आहे, शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत सगळं कापून घेऊ नका, पडलेला सरवा वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी. परदेशातून आलेली विधवा रूथ अशाच सरव्यावर जगली आणि दावीद राजाची पणजी झाली. म्हणून पगारवाढ झाली, घरात शांती आली, मुलगा मार्गाला लागला की त्याची साक्ष द्या, पण त्यातला कोपरा कुणासाठी तरी सोडा. तुमचं लग्न सावरलं असेल तर एखाद्या भांडणाऱ्या जोडप्याला जेवायला बोलवा, नोकरी लागली असेल तर एका पोराची फी भरा.

आमच्याकडं कापणीच्या सणाला लोक चर्चमध्ये कणसं, भोपळे, अंडी, कुणी कोंबडी घेऊन येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. गेल्या सणाला दादांनी ज्वारीची पेंढी दिली आणि दोन्ही मुलांना एक भोपळा उचलून न्यायला दिला. पायऱ्यांवर धाकट्याच्या हातून तो निसटला आणि फुटला, बिया सगळ्या फरशीवर. मी पुढं जाणार एवढ्यात मुलगी खाली बसली, त्याच्याकडं बघून म्हणाली, "असू दे, रडू नको, आपण बिया गोळा करू," आणि दोघं एक-एक बी वेचून तिच्या फ्रॉकच्या ओच्यात टाकत बसले. त्या बिया आईनं धुऊन, राख लावून, जुन्या डब्यात ठेवल्यात, जूनमध्ये परड्यात लावायच्या आहेत.